इक्षुबन हाइट्सची श्वानवर्तन परीक्षा

मांजरीतल्या इक्षुबन हाइट्स या सहकारी गृहरचना संस्थेत कुत्री भुंकतात, ही बाब व्यवस्थापन समितीच्या अधिकृतपणे निदर्शनास आली, तेव्हा ती भुंकायला लागून बराच काळ लोटला होता. संस्थेला उसाचं नाव दिलं होतं, कारण ऊस कापूनच ती उभी राहिली होती. रस्त्यांना नाही का दिवंगतांची नावं देत, तसं. उसाच्या जागी इमारती आल्या. इमारतींत माणसं आली. माणसांना इतक्या उंचीवर एकटं वाटायला लागलं म्हणून त्यांनी कुत्री आणली. मग माणसं सकाळी खराडीला नाहीतर हिंजवडीला निघून जायची आणि तेवढ्याच उंचीवर कुत्र्यांना एकटं वाटायचं, म्हणून ती भुंकायची. यात चूक कुणाचीच नव्हती. अशा वेळी समिती नेमावी लागते.

समितीचे अध्यक्ष गोपाळकृष्ण मेहेंदळे एका मोठ्या शिक्षणसंस्थेतून परीक्षा नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सुटली, पण नियंत्रण सुटेना. घरी पत्नीनं पहिल्याच आठवड्यात कणकेचा डबा त्यांच्या हातून काढून घेतला होता. मग त्यांनी सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाला प्रवेशपत्रं सुरू केली, कोजागरीचं दूध आसनक्रमांकाप्रमाणे वाटलं, आणि तरीही काहीतरी राहून जातंय असं त्यांना वाटत होतं. भुंकण्याचा विषय समोर आला आणि त्यांची तब्येत एकदम सुधारली. ठराव त्यांनीच लिहिला: श्वानवर्तन परीक्षेत अनुत्तीर्ण होणाऱ्यास संस्थेत वास्तव्य करता येणार नाही. कसली परीक्षा, असं एका सभासदानं विचारलं. मेहेंदळे म्हणाले, ते परीक्षक ठरवतील.

अशा रीतीनं पूर्वा ओव्हाळची गरज निर्माण झाली.

पूर्वा कुत्र्यांना शिकवते असं लोक म्हणायचे. ती स्वतः तसं म्हणायची नाही. वडील पोस्टातून रिटायर, भाऊ मंत्रालयात, आणि ही कुत्र्यांच्या मागे, अशी तिची ओळख मावश्या लग्नकार्यात एका दमात करून देत. मागे जायलाही शिक्षण लागतं हे सांगणं तिनं सोडून दिलं होतं. तिनं रीतसर अभ्यासक्रम केला होता, आणि अजूनही नवं काही शिकून दाखवल्याशिवाय तिची मान्यता टिकत नसे. मारायचं नाही, गळ्यात काटेरी साखळी घालायची नाही, करंट देणारा पट्टा वापरायचा नाही, ओरडायचं नाही. कुत्रं बरोबर वागलं की त्याच क्षणी पनीरचा तुकडा द्यायचा. चुकलं तर आपलं काय चुकलं ते बघायचं. इथपर्यंत लोक माना डोलवायचे. मग ती सांगायची की हे सगळं रोज तुम्हीच करायचंय. तिथे माना थांबायच्या.

"मग तुम्ही काय करणार?"

मी तुम्हाला शिकवणार, असं ती सांगायची. त्यावर बहुतेकांचं म्हणणं पडायचं की आम्हाला काही प्रॉब्लेम नाहीये, प्रॉब्लेम कुत्र्याला आहे.

मेहेंदळ्यांनी तिला क्लबहाउसमध्ये बोलावून तिची सगळी कागदपत्रं उजेडात धरून पाहिली. तिनं त्यांना समजावलं, की भुंकणं हा गुन्हा नसतो, निरोप असतो. ती घरोघरी जाऊन बसेल, कुत्रं किती वेळ एकटं असतं ते बघेल, माणसांशी बोलेल. हळूहळू फरक पडेल. मेहेंदळ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण पेपर किती मार्कांचा?"

"मार्क नसतात, सर."

"अहो मॅडम, मार्क नाहीत, तर आपण चांगले वागलो हे त्या कुत्र्याला कळणार कसं?"

ती उठलीच होती. तेवढ्यात त्यांनी टेबलावरून एक रंगीत पत्रक पुढे सरकवलं. कुणी विश्वजीत सर होते, काळा गॉगल, काळे बूट, आठवड्यात आज्ञाधारक करून देणारे. फोटोत त्यांच्या हातात काठी होती आणि पायाशी बसलेलं अल्सेशियन कॅमेऱ्याकडे न बघता काठीकडे बघत होतं. आपल्याला जमत नसेल तर हे सर तयार आहेत, मेहेंदळे म्हणाले, त्यांची मार्कांना काही हरकत नाही.

पूर्वा परत बसली. एकट्या काठीसाठी ती बसली असती की नाही कोण जाणे. पण येताना लिफ्टमध्ये तिला पेढा भेटला होता.

पेढा म्हणजे तुळजाबाईंचा कुत्रा. रंग पेढ्याचाच, पण नाव रंगावरून पडलेलं नव्हतं. ज्या रानावर ही सोसायटी उभी राहिली ते रान तुळजाबाईंच्या सासऱ्यांचं. भूमिपूजनाच्या दिवशी उसातून आलेल्या एका पिल्लानं बिल्डरनं आणलेला पेढ्यांचा अख्खा खोका नारळ फुटायच्या आत संपवला, आणि या सगळ्या व्यवहारात आपल्या बाजूच्या कुणाचं तरी पोट भरलं असं तुळजाबाईंना वाटलं. त्यांनी त्याला ठेवून घेतलं. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये मुलानं, मच्छिंद्रनं, त्यांना आणून ठेवलं होतं आणि तो दिवसभर बांधकामाच्या साइटवर असायचा. वरच्या मजल्यावर मग दोघंच.

"ह्यो हाय म्हनून बरं," तुळजाबाईंनी ओळखदेख नसताना लिफ्टमध्ये पूर्वाला सांगितलं होतं, "न्हाय तर येकलीनं भिताडाशी म्याच भुकले असते."

पेढ्यानं पूर्वाच्या पिशवीचा वास घेतला, आत पनीर असल्याची नोंद घेतली, आणि मागितलं मात्र नाही. असला कुत्रा पूर्वानं फार दिवसांत पाहिला नव्हता. तो नापास झाला तर त्याला जायला जागा नव्हती. उसात परत पाठवावं तर ऊसच शिल्लक नव्हता. तो जाईल तिकडं मीबी जाईन, असं तुळजाबाईंनी मच्छिंद्रला बजावलं होतं, आणि मच्छिंद्रनं मोबाइलमधून मान वर न काढता कुठं, असं विचारलं होतं, हेही पूर्वाला लिफ्टमध्येच कळलं होतं. तेव्हा पूर्वानं मनाशी ठरवलं: परीक्षा तर परीक्षा. पण या फाटकातून काठी आत येता कामा नये आणि पेढा बाहेर जाता कामा नये.

मग अर्ज निघाले. अर्जात श्वानाचं नाव, फ्लॅट क्रमांक, आईचं नाव (ते बहुतेकींनी आपलंच लिहिलं) आणि जात असे रकाने होते. आयटीतल्या अनिरुद्धनं आपल्या व्हिस्कीसाठी 'लॅब्राडोर, शुद्ध' असं लिहिलं. त्याच्या समोरच्या फ्लॅटमधल्या चैतालीनं आपल्या कुकीसाठी 'शिहत्झू, परदेशी घराणं' लिहिलं. तुळजाबाई मच्छिंद्रला म्हणाल्या, लिही, कुत्रा. अर्ज त्रुटी दाखवून परत आला. मच्छिंद्रनं 'गावठी' लिहिलं, तर पुरावा जोडा म्हणून पुन्हा परत आला. त्या रकान्याशी पूर्वाच्या घराण्याची जुनी ओळख होती. तिनं पेन काढलं आणि सगळ्यांच्याच अर्जांतल्या त्या रकान्यावर आडवी रेघ मारली. कारण म्हणून 'तांत्रिक' असं लिहिलं. कुठलं तांत्रिक, असं सरकारात किंवा सोसायटीत कुणी कधी विचारत नाही.

परीक्षा जाहीर झाली म्हटल्यावर पुण्यात पुढचं कुणाला शिकवावं लागत नाही. क्लास लागले. शनिवार पेठेतल्या एका जुन्या दहावी-बारावीच्या क्लासनं श्वान विभाग उघडला. 'बस'ची बॅच सकाळी, 'थांब'ची संध्याकाळी, आणि ज्यांचा पाया कच्चा आहे त्यांना 'इकडे ये'ची शनिवार-रविवार उजळणी. फ्लॅटच्या दारांवर पाट्या आल्या: 'व्हिस्कीची परीक्षा जवळ आली आहे. बेल वाजवू नये. वाजवल्यास निकालास आपण जबाबदार राहाल.' त्याखाली पार्सलवाल्यांसाठी आणखी बारीक अक्षरात एक पाटी होती, ती वाचायला वाकावं लागे, आणि वाकलं की आतून व्हिस्की भुंके. अनिरुद्धनं व्हिस्कीचं टाइमटेबल फ्रिजवर लावलं. आपल्याला बारावीला जे झालं नाही ते त्याच्या बाबतीत व्हायचंच, असा त्यानं निश्चय केला होता. व्हिस्कीनं जेवण निम्म्यावर आणलं.

चैताली एके सकाळी बागेत पूर्वासमोर रडलीच. कुकीला 'थांब' येतं, पण ऐन वेळी घाईत विसरते. माझ्यावरच गेलीये हो, ती म्हणाली, गणिताच्या पेपरला माझं अगदी असंच व्हायचं. पूर्वाला तिची दया आली. क्लास बंद कर, ती म्हणाली, आणि रोज हिला निवांत फिरव. थांबेल तिथे थांब, हुंगेल ते हुंगू दे.

"हुंगणं सिलॅबसमध्ये आहे?" चैतालीनं डोळे पुसत विचारलं.

पूर्वानं आहे म्हणून सांगितलं. कम्पल्सरी आहे.

दुसऱ्या दिवसापासून इक्षुबन हाइट्समधली तमाम सुशिक्षित मंडळी हातात ढिली दोरी धरून एकेका खांबापाशी भक्तिभावानं उभी राहू लागली. काहींनी अभ्यासासाठी ऑफिसातून रजा काढली. कुत्र्यांना सोबत मिळाली, हुंगायला मिळालं, आणि भुंकणं जवळजवळ थांबलं. ज्यासाठी परीक्षा होती ते परीक्षेआधीच झालं होतं. पूर्वानं धावत जाऊन ही आनंदाची बातमी मेहेंदळ्यांना दिली. ते म्हणाले, हो, पण आता अर्ज आलेत.

तरी तिनं एक गोष्ट पदरात पाडून घेतली. कुत्रं तसंच वागतं जसं त्याला वागवलं जातं, तेव्हा तपासायचं ते वागवणाऱ्याला. परीक्षा माणसाची, कुत्र्याला नापास करायची सोयच नियमांत नको. ती भांडायच्या तयारीनं गेली होती. पण मेहेंदळ्यांचे डोळे लकाकले.

"म्हणजे प्रात्यक्षिकासारखं. परीक्षार्थी माणूस, आणि कुत्रं हे साहित्य."

साहित्य नव्हे, असं ती म्हणायला गेली.

"परीक्षानळी कधी नापास होते का, मॅडम? बरोबर आहे आपलं."

त्यांनी सुवाच्य अक्षरात नियम दुरुस्त केला. त्याच्या खालचं अनुत्तीर्णाच्या वास्तव्याचं कलम होतं तसंच राहिलं. पूर्वानं वरची ओळ वाचली आणि तिला इतकं हायसं वाटलं की ती बाहेर येऊन गेटसमोरच्या रसवंतीत आलं-लिंबू घातलेल्या उसाच्या रसाचा मोठा ग्लास प्यायली. आनंदात माणूस खालचं कलम वाचत नाही.

परीक्षेच्या दिवशी क्लबहाउसच्या भिंतीवर आसनव्यवस्था लागली. मंडळी दही-साखर खाऊन आली होती. कुत्र्यांनाही एकेक बोट चाटवलेलं दिसत होतं. तुळजाबाई नऊवारी नेसून आल्या आणि खुर्ची बाजूला सारून भिंतीला टेकून खाली बसल्या, कारण खुर्चीत पाय लोंबकळले की गुडघे दुखतात. परीक्षार्थीनं खाली बसावं की नाही यावर समितीनं विचारविनिमय केला. नियमात काही सापडलं नाही.

दाराशी भरारी पथक होतं. ज्यांच्या घरी कुत्रं नाही अशा दोन निःपक्षपाती सभासदांना दंडाला पट्ट्या बांधून उभं केलं होतं. त्यांनी खिसे तपासले आणि प्रचंड प्रमाणावर कॉपीचं साहित्य पकडलं. पनीर निघालं, उकडलेलं चिकन निघालं, चीजचे क्यूब निघाले. अनिरुद्धच्या मोज्यातून एक सॉसेज निघालं. पूर्वा मधे पडली. कुत्रं नीट वागलं की लगेच खाऊ देणं हीच तर शिकवण्याची पद्धत आहे, ती म्हणाली, ते बक्षीस असतं.

"बक्षीस परीक्षेनंतर देतात," मेहेंदळे म्हणाले. "परीक्षेच्या वेळी देतात तिला लाच म्हणतात."

जप्त माल एका मोठ्या स्टीलच्या डब्यात भरून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवण्यात आला. माल इतका होता की झाकण लागेना. मेहेंदळ्यांनी त्यावर सोसायटीचं वार्षिक अहवालपुस्तक ठेवलं, पण तेही पातळच निघालं.

प्रश्न एकच होता, आणि अनिवार्य. पूर्वानं तो काढला होता. घंटा होईपर्यंत आपल्या कुत्र्यासोबत शांत बसून राहा. त्याला ओढू नका, हाका मारू नका, आणि दुसऱ्याच्या कुत्र्याबद्दल काहीही बोलू नका. सोपा पेपर आहे असं पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले. यात काहीतरी गोम आहे, चैताली पुटपुटली.

घंटा झाली. पेपर सुरू झाला आणि व्हिस्की उठला. त्यानं हवेत नाक फिरवलं आणि दोरी फरफटवत संथपणे अध्यक्षांच्या टेबलाकडे निघाला. ओढायचं नव्हतं, हाक मारायची नव्हती. अनिरुद्ध दात आवळून बसला. व्हिस्कीमागून कुकी गेली, कुकीमागून एक बीगल, मग दोन डॅशहुंड, मग सगळेच. टेबलासमोर ते एका ओळीत बसले, छाती पुढे, माना वर, आणि एकटक बघू लागले. डबा मेहेंदळ्यांच्या पोटाच्या रेषेत होता. मेहेंदळ्यांना ते दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की अख्ख्या सेवेत पहिल्यांदाच सगळे परीक्षार्थी त्यांच्याकडे असे बघताहेत.  त्यांनी हलक्या आवाजात परीक्षार्थींसाठी सर्वसाधारण सूचना वाचायला घेतल्या, आणि त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या गेल्या.

शिस्तीचं इतकं सुंदर दर्शन इक्षुबन हाइट्समध्ये त्याआधी झालं नव्हतं. ते माणसांना सोसवलं नाही. अनिरुद्ध अर्धवट उभा राहून म्हणाला, नोंद घ्या, कुकी रांगेत नंतर घुसली. चैताली म्हणाली, आमची कुकी शिस्तीत गेली होती, व्हिस्कीच्या ढुंगणानं तिला ढकललंय. बीगलवाल्या काकांनी डॅशहुंडांच्या जोडीवर एक आणि एक दोन जागा अडवल्याचा आरोप केला. डॅशहुंडवाल्या बाईंनी बीगलवाल्यांच्या गॅलरीतून त्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर पडणाऱ्या पाण्याचा विषय काढला. तिथून गोष्ट पार्किंगवर गेली, पार्किंगवरून गणपतीच्या आरतीला कुणाला पुढे उभं केलं त्यावर. भरारी पथकही निःपक्षपातीपणे त्यात उतरलं. क्लबहाउसच्या काचा हादरत होत्या. कुत्र्यांपैकी कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. बीगलनं फक्त कान हलवले, पंखा जोरात लागला की हलवतात तसे.

कोपऱ्यात तुळजाबाई भिंतीला डोकं टेकून झोपी गेल्या होत्या. तोंड उघडं होतं. पेढ्याची दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली होती आणि पेढा त्यांच्या नडगीवर हनुवटी ठेवून डोळे मिटून पडला होता. डबा त्यानंही हुंगला होता. पण तो सकाळीच दूध-भाकरी खाऊन आला होता आणि बाई झोपल्या की झोपायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. पूर्वा कितीतरी वेळ त्या दोघांकडे बघत राहिली. इतकी ढिली दोरी तिनं पुस्तकातल्या चित्रांतसुद्धा पाहिली नव्हती.

घंटा झाली. वेळ संपली. उत्तीर्ण एक. तुळजाबाईंच्या घोरण्यावर पथकानं हरकत घेतली, पण मेहेंदळे परीक्षेच्या बाबतीत प्रामाणिक माणूस. प्रश्नात शांत असा शब्द आहे, ते म्हणाले, आणि या हॉलमध्ये यांच्याइतकं शांत दुसरं कुणी मला दिसलं नाही. मग त्यांनी चष्मा लावून खालचं कलम वाचून दाखवलं. अनुत्तीर्णास संस्थेत वास्तव्य करता येणार नाही. साहित्याबद्दल कलमात काही नाही, सबब साहित्य संस्थेतच राहील.

हॉलमध्ये पहिल्यांदाच खरीखुरी शांतता पसरली, पण आता तिचा उपयोग नव्हता.

पूर्वा टेबलापाशी धावली. सगळ्यांना ग्रेस देऊन टाकू, अशी तिनं विनवणी केली. मेहेंदळे दुःखानं म्हणाले, की ज्यात सगळे पास होतात त्याला परीक्षा नाही म्हणत, स्नेहसंमेलन म्हणतात. फार तर निकाल रद्द करून फेरपरीक्षा घेता येईल. पण तिला दुसरा परीक्षक लागेल. विश्वजीत सरांशी बोलणं झालेलं आहे, आणि त्यांच्याकडे परीक्षार्थी कुत्राच असतो. निकाल रद्द म्हणजे सगळ्यांचाच. तुळजाबाईंचाही.

बाहेर पालकांनी पूर्वाला घेरलं. चैतालीनं हात धरला. कुत्र्यांवर एवढं प्रेम करता, थोडं आमच्यावर करा. अनिरुद्धचा सूर वेगळा होता.

"मॅडम, तुम्ही एथिकल आहात ना? मग एवढं ताणू नका. रद्द करा म्हणा. त्या आजींच्या कुत्र्याचं काय, तो कुठंही राहील. गावठीच आहे."

तोपर्यंत पूर्वा खरं तर रद्द करायलाच निघाली होती. त्या शेवटच्या वाक्यानंतर ती वळली, आत गेली आणि निकालावर सही केली. अक्षर चांगलं आलं.

संध्याकाळपर्यंत पालकमंडळी बॅगा घेऊन फाटकाबाहेर गेली. नियम सह्या करून त्यांनीच मंजूर केला होता, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. संस्थेच्या ताब्यातल्या साहित्याची देखभाल एकमेव उत्तीर्ण उमेदवार म्हणून तुळजाबाईंकडे आली. त्यांनी मच्छिंद्रला ज्वारीचं पीठ आणायला पिटाळलं, मोठ्या पातेल्यात भाकरी कुस्करली आणि सगळ्यांना एका ओळीत वाढलं. व्हिस्कीनं पहिल्यांदा ताट स्वच्छ केलं. दुपारी सगळा गोतावळा तुळजाबाईंच्या सतरंजीभोवती पडून राही. सोसायटीत इतकी शांतता झाली, की लोकांना आपापली घड्याळं ऐकू यायला लागली.

आवाज आता फाटकाबाहेरून यायला लागला. बाहेर ठेवलेली माणसं सकाळपासून गजांना धरून उभी राहत. पार्सलवाला आला की ओरडत, पाहुणे आले की ओरडत, वॉचमनवर तर कायमच. मेहेंदळ्यांकडे तक्रारी आल्या. त्यांनी पूर्वाला पाचारण केलं. आणि अहो, काय सांगावं, तिच्या धंद्यातला सोन्याचा दिवस तिथे उगवला. आजवर जी माणसं फोनवर सबब सांगून, दुसऱ्याच्या हाती निरोप देऊन, ऑफिसातून लवकर निघता येत नाही म्हणून हुकली होती, ती सगळी एका जागी, रिकामी, आणि शिकायला उत्सुक. रसवंतीच्या मांडवात तिनं वर्ग सुरू केला. कुणी ओरडलं तर ती काहीच म्हणत नसे. कुणी गप्प बसलं, की त्याच क्षणी शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा हातावर ठेवी. अनिरुद्धनं गॅरंटी आहे का असं विचारलं. मग विचारायचं थांबला, तेव्हा त्याला दोन तुकडे मिळाले. पुढं पुढं तर फाटक उघडल्याचा आवाज झाला तरी कुणी उठत नसे. सगळे पूर्वाच्या पिशवीकडे बघत.

इकडे गॅलऱ्यांतून बिनकुत्र्यांचे सभासद हे सगळं चहा पीत पाहत होते. बोटं दाखवत होते, फोटो काढून ग्रुपवर टाकत होते. बरी खोड मोडली, असं एकमुखानं चाललं होतं. ते ऐकता ऐकता मेहेंदळ्यांच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. ही माणसं कुठलीच परीक्षा न देता संस्थेत राहत होती. कुत्रं नाही, एवढ्या एका सवलतीवर. त्यांची झोप उडाली. त्यांनी तातडीची सभा न बोलावता ठराव केला, आणि साहित्य नसलेल्यांना संस्थेकडून साहित्य पुरवण्याचं ठरलं. खात्रीचं साहित्य म्हणून पेढ्याची निवड झाली.

तुळजाबाईंनी आढेवेढे घेतले. "त्यो काय मास्तर हाय व्हय? आसं बघत बसतो नुस्ता." मग पूर्वाला बाजूला घेऊन त्यांनी दम भरला, की त्याला कुठं बी न्या, पर सांजच्याला माझ्या दारात आनून सोडायचा. पूर्वानं शब्द दिला.

पेढा मजल्या-मजल्यानं फिरला. प्रश्न तोच: घंटा होईपर्यंत याच्याशेजारी शांत बसा आणि दुसऱ्या कुणाबद्दल काही बोलू नका. पेढा बसून बघायचा. त्याच्या बघण्यात काही नसायचं, आणि तेच लोकांना सहन व्हायचं नाही. पहिल्या मजल्यावरचे लोक लगेच म्हणाले, आमचं सोडा, दुसऱ्या मजल्यावरच्यांना आधी बघा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी पहिल्याचं नाव घेतलं. भरारी पथकातले दोघे तर दार उघडताच एकमेकांबद्दल सांगू लागले. त्यांच्यासाठी बसायचीही वेळ आली नाही. बॅगा खाली जात राहिल्या. रसवंतीवाल्यानं आणखी बाकडी मागवली.

शेवटी मेहेंदळे स्वतः बसले. नियमाला अपवाद नको, असं त्यांचंच म्हणणं. ते पुष्कळ वेळ टिकले, हे सांगितलं पाहिजे. हात मांडीवर, नजर सरळ. पूर्वाची बोटं घंटेपर्यंत पोचली होती. तेवढ्यात त्यांनी घसा खाकरला.

"मॅडम, हा जरा तिरका बसलाय."

पेढ्यानं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मेहेंदळे थांबले, त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि आपल्या नावापुढे स्वतःच्या हातानं 'अनुत्तीर्ण' लिहिलं. त्यांच्या पत्नी पास झाल्या होत्या. पेढा स्वयंपाकघरात शेजारी बसलेला असताना त्या कणीक मळत होत्या आणि घंटा झाल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी नवऱ्याला पोळ्यांचा डबा बांधून दिला आणि सावकाश या, म्हणाल्या.

त्या सांजेला पूर्वानं कबूल केल्याप्रमाणे पेढ्याला दारात आणून सोडलं. काठी आत आली नव्हती, पेढा बाहेर गेला नव्हता. बाकी जवळजवळ सगळे गेले होते, पण तसं तिनं काही ठरवलं नव्हतं. तुळजाबाईंनी तिला आत बोलावून उंबऱ्याशीच ताट वाढलं, आणि अख्ख्या इक्षुबन हाइट्समध्ये भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा झाला.

ही शांतता दूरवर ऐकू गेली. आता पूर्वाला कसब्यातून, कोथरूडातून, पार पाषाणपासून फोन येतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, की आमच्याकडे कुत्रं नाही पण त्रास फार आहे. परीक्षा इथेही घ्या. ती नाही म्हणत नाही. पेढ्याचे दौरे लागलेत, आणि तुमच्या सोसायटीचंही नाव त्यात आहे. घाबरू नका, पेपर सोपा आहे, क्लासही लावायला नको. नुसतं शांत बसायचंय आणि दुसऱ्या कुणाबद्दल काही म्हणायचं नाहीये.

पण हे वाचताना, आमच्या वरच्या मजल्यावरच्या त्या अमक्याला ही गोष्ट आत्ताच्या आत्ता पाठवली पाहिजे, असं तुमच्या मनात येऊन गेलं ना?

बॅग भरायला घ्या.